हॉकी लीगच्या कारभाऱ्यांना पत्र: आमचा संघ पुढच्या वर्षी असेल ना?

प्रति,
हॉकीच्या लीग भरवणारे, संघ विकत घेणारे आणि वेळापत्रक लावणारे सर्व संबंधित

स. न. वि. वि.

माझ्याकडे एक लांबोडकी वही आहे, दुकानात हिशेबाला वापरतात तसली, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात मी हॉकीच्या मॅचेस लिहितो. डावीकडे तारीख आणि गाव, मग दोन्ही संघ, मग गोल, आणि शेवटच्या दोन रकान्यांत पेनल्टी कॉर्नर, म्हणजे समोरच्याने गोलजवळ चूक केली की मिळणारी गोलची संधी: मिळाले किती, लागले किती. हॉकीत एवढं लिहिण्यासारखं असतं तरी काय, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. आपल्या संघाच्या नावापुढे ‘७ पैकी १’ लिहिताना काय वाटतं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

वही संघवार लावलेली आहे. प्रत्येक आवडत्या संघाचा वेगळा भाग, आणि पुढल्या हंगामांसाठी त्याच्या मागे सोडलेली कोरी पानं. हे पत्र त्या कोऱ्या पानांबद्दल आहे.

पहिला भाग मराठा वॉरियर्सचा. २००५ साली प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली आणि धनराज पिल्ले मराठा वॉरियर्सकडून खेळणार हे कळलं, तेवढ्यावर मी त्या संघाचा झालो. खडकीचा पोरगा, आपल्या नावाचा संघ, आणखी काय हवं? प्रत्यक्षात पहिल्या हंगामातले सगळे सामने हैदराबादला झाले. आमचे मराठे दक्षिणेच्या मोहिमेवर आणि आम्ही टीव्हीसमोर. तरी चालवून घेतलं. २००८ नंतर ती लीगच बंद पडली. मागे अकरा पानं कोरी.

दुसरा भाग पुणे स्ट्रायकर्सचा. हा एकाच हंगामाचा, २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीतला. या लीगबद्दल तुमच्यापैकी काही जण अजूनही बोलायला तयार नसतात, कारण ती एका संघटनेने भरवली होती आणि आंतरराष्ट्रीय मान्यता दुसऱ्या संघटनेकडे होती. तिथे खेळलं तर देशाच्या संघाचं दार बंद होईल, या धास्तीत पोरं खेळली. तो वाद कोर्टाकचेऱ्यांचा, त्यात मी पडत नाही. मला आठवते ती २ एप्रिलची फायनल, मुंबईच्या महिंद्रा स्टेडियमवर, पुणे विरुद्ध शेर-ए-पंजाब.

त्या मैदानाला लागून पश्चिम रेल्वेची लाइन जाते. चर्चगेटकडे शिरणाऱ्या लोकलच्या दारात लटकलेली माणसं मान वळवून टर्फकडे बघतात, दोन सेकंद, आणि गाडी पुढे जाते. आम्ही काही जण त्यांना हात करून स्कोअर दाखवत होतो, बोटांनी. सुरुवातीला उत्साहात. मग पंजाबचे गोल वाढत गेले आणि हात खाली आले. ५-२ हरलो. पण बाहेर पडताना शेजारचा एक अनोळखी गृहस्थ म्हणाला, “पुढच्या वर्षी यांचा कॉर्नर सुधारला की बघा.” मी मान डोलावली. त्या एका वाक्यात अख्खा चाहता येतो. ‘पुढच्या वर्षी’ हे दोन शब्द त्याच्यापाशी असले की पाच गोल पचतात. पुढचं वर्ष आलंच नाही. लीग एका हंगामात आटोपली. मुंबई मरीन्स नावाचा संघही त्यातच होता, तोही गेला.

तिसरा भाग मुंबई मॅजिशियन्सचा, हॉकी इंडिया लीगच्या २०१३ आणि २०१४ या दोन हंगामांचा. हा भाग उघडला की घरचे हसतात. दोन्ही वेळा आम्ही तळाला. पण मला विचाराल तर वहीतली सगळ्यात जिवंत पानं हीच आहेत. पहिल्या वर्षी संदीप सिंग ड्रॅग फ्लिकला (कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढत गोलात फेकायला), श्रीजेश गोलमध्ये, रिक चार्ल्सवर्थसारखा कोच. कागदावर बघितलं तर कुणीही म्हणेल, हे सेमीफायनलला जाणारच. पण हंगाम सुरू होतो न होतो तोच लीगमधले नऊ पाकिस्तानी खेळाडू परत पाठवावे लागले, त्यातले चार आमचे. अर्धी घडी तिथेच विस्कटली. मग एका पाठोपाठ एक हार.

हरणाऱ्या संघाचा चाहता खेळ जास्त बारकाईने बघतो, हे मी त्या दोन हंगामांत शिकलो. जिंकणाऱ्याला गोल आठवतात. आम्हाला चूक कुठून सुरू झाली ते आठवतं. कुठला हाफ दमला की चेंडू उजवीकडेच ढकलतो, कुठला फॉरवर्ड डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकाशी पाठ करून उभा राहतो आणि वळायला अर्धा सेकंद जास्त घेतो, पंचविसाव्या यार्डाच्या आसपास कोण उगाच टॅकल करून फ्रीहिट देतो. टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागे पळतो, म्हणून चेंडूपासून लांबचा माणूस बघायचा तर मैदानावरच जावं लागतं.

पेनल्टी कॉर्नर घ्या. तुमच्या जाहिरातींत फक्त फ्लिकर दिसतो, स्टिक लांब ओढून चेंडू वर उचलणारा. पण कॉर्नर सुरू होतो तो बॅकलाइनवर वाकलेल्या माणसापासून. त्याचा पुश एक वीतभर जरी मागेपुढे झाला तरी डीच्या टोकावर स्टॉपरला स्टिक आडवी करून चेंडू अडवायला एक उशिराची उडी घ्यावी लागते, आणि त्या उडीत गोल हुकतो. ओल्या टर्फवर चेंडू निघाला की मागे पाण्याची एक बारीक रेघ उठते. ती रेघ सरळ असली की आम्ही उठून उभे राहायचो. समोरून गोलच्या आतून चौघे सुटायचे, तोंडाला मास्क, हाताला ग्लोव्ह्ज. त्यातला पहिला, फर्स्ट रशर, थेट फ्लिकरच्या अंगावर. ताशी शंभराच्या वर वेगाने येणारा चेंडू आपल्या गुडघ्यावर घ्यायची तयारी ठेवून पळणारा तो माणूस स्कोअरबोर्डवर कधीच येत नाही. माझ्या वहीत येतो. शेवटच्या रकान्याच्या कडेला मी त्याच्यासाठी एक बारीक फुली मारतो: कॉर्नर हुकला तो याच्यामुळे.

असो, विषय वाहवत चालला. मॅजिशियन्स बंद झाल्याचं मला कुणी सांगितलं नाही. निवेदन नाही, निरोप नाही. पुढल्या मोसमाच्या संघांची यादी वाचताना नाव दिसेना, म्हणून दोनदा वाचली. माणूस गेल्याचं त्याच्या बंद फोनवरून कळावं तसं.

मग दबंग मुंबई. मी तोवर शहाणा झालो होतो, म्हणून या संघाचं नाव पानाच्या डोक्यावर पेन्सिलने लिहिलं. नाव काही मनापासून आवडलं नव्हतं, पण पोरं आवडली. हरमनप्रीत सिंग तेव्हा कोवळा होता आणि आमच्याकडून खेळायचा. त्याच्या फ्लिकमध्ये पुढे जे आलं, त्याचा कच्चा खर्डा मी त्या हंगामांत पाहिलाय. मध्येच तुम्ही नियम बदललात: २०१६ पासून मैदानी गोल, म्हणजे कॉर्नरवर नव्हे तर चालू खेळात मारलेला, एकाचा दोन धरायचा. माझ्या वहीची पार दैना. एका रकान्यात गोल, दुसऱ्यात त्याची किंमत, आणि शेवटी बेरीज जुळेना. मैदानी गोलाला मान द्यावा हा हेतू बरा होता, मी नाही म्हणत नाही. पण तीन-शून्यने पुढे असलेला संघ दोन गोलांत मागे पडतो, हे नवख्या माणसाला समजावताना माझी जीभ थकली. तो नियम गेला ते बरं झालं.

२०१७ साली आम्ही पुन्हा फायनलला पोचलो. मराठा वॉरियर्सपासून धरलं तर बारा वर्षांनी, चौथ्या संघाबरोबर. चंडीगडला कलिंगा लान्सर्सने ४-१ ने हरवलं. त्या रात्री मी वाईट वाटून घेतलं नाही. संघ तरुण होता, हरमनप्रीत वाढत होता, पुढच्या वर्षी... आणि मी एक मूर्खपणा केला. पेन्सिलने लिहिलेलं नाव खोडून पेनाने लिहिलं.

त्यानंतर सात वर्षांहून जास्त काळ लीगच झाली नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाबा रे, हॉकीत पैसा नाही. फ्रँचायझी चालवायला कोटी लागतात, प्रायोजक येत नाहीत, टीव्हीवाले वेळ देत नाहीत. मान्य. मी काही तुमचा ताळेबंद मागायला बसलो नाही. पण माझी तक्रार समजून घ्या. संघ हरतो याची नाही, महाग तिकिटाची नाही, मोक्याच्या क्षणी अडकणाऱ्या प्रक्षेपणाचीही नाही. तक्रार एवढीच की तुम्ही लीगला स्पर्धा समजता आणि आम्ही तिला नातं समजतो. स्पर्धा महिन्याभरात संपते. नातं हरण्यातून बनतं, आणि हरलेल्या संघाला पुढच्या वर्षी परत यावं लागतं, तरच.

पूर्वीच्या काळातलं सांगतो. मुंबईत आगाखान कप, बॉम्बे गोल्ड कप व्हायचे तेव्हा संघांची नावं काय होती? इंडियन एअरलाइन्स, पंजाब पोलिस, बीएसएफ, वेस्टर्न रेल्वे. कचेऱ्यांची नावं. ना घोषवाक्य, ना शुभंकर, ना गाणं. पण पंजाब पोलिसांवर कुणाचा राग असेल तर तो वर्षानुवर्षे असायचा, आणि दर वर्षी तो काढायला पंजाब पोलिस येऊन हजर असायचे. धनराज इंडियन एअरलाइन्सकडून यायचा, आणि त्याला शिव्या घालणारे आणि त्याच्यासाठी घसा फोडणारे दोघेही ठरलेल्या पायऱ्यांवर ठरलेल्या जागी बसायचे. हा काळ परत आणा असं मी म्हणत नाही. ते संघही कायमचे नव्हते, इंडियन एअरलाइन्सच पुढे एअर इंडियात विलीन झाली. पण कंपनी बुडाल्याखेरीज किंवा विलीन झाल्याखेरीज संघ जायचा नाही. तुमच्याकडे तो करार संपला की जातो.

डिसेंबर २०२४ मध्ये लीग परत सुरू झाली, तेव्हा मी यादी आधी पाहिली. आठ पुरुषांचे संघ. दिल्ली, उत्तर प्रदेश, बंगाल, कलिंगा, तमिळनाडू, हैदराबाद, वायझॅक, पंजाब-हरियाणाचा सूरमा. महाराष्ट्र नाही. हरमनप्रीत सूरमाकडे, श्रीजेश खेळणं थांबवून दिल्लीच्या संघाचं काम बघणारा. लिलावात हरमनप्रीतला सगळ्यात जास्त, ७८ लाख मिळाले याचा आनंद झाला, आणि दुसऱ्याच्या अंगणात आपलं झाड वाढल्यासारखं वाटलं ते वेगळंच.

पण एक गोष्ट तुम्ही नीट केलीत, ती मोकळेपणाने लिहितो. मुलींची लीग सुरू केलीत. चारच संघ, पण सुरू केलीत. आणि त्यामुळे माझा प्रश्न सुटला. ओडिशा वॉरियर्सच्या यादीत ऋतुजा पिसळ हे नाव दिसलं. साताऱ्याकडची. फलटण तालुक्याच्या त्या मातीतून वैष्णवी फाळके आली, अक्षता ढेकळे आली, ऋतुजा आली. एका तालुक्यातून देशाच्या संघात इतक्या मुली, आणि मुंबई-पुण्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? मी ताबडतोब ओडिशाचा झालो. ओडिशाशी माझा काडीचा संबंध नाही. चाहत्याला संबंध लागत नाही, धागा लागतो.

२६ जानेवारी २०२५, रांची, जयपाल सिंग यांच्या नावाचं मैदान. फायनल ओडिशा वॉरियर्स विरुद्ध सूरमा. २-१ ने जिंकलो. दोन्ही गोल ऋतुजाचे. वहीत मी तिचं नाव दोनदा लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. वीस वर्षांत माझा संघ पहिल्यांदा लीग जिंकला होता. सामना संपल्यावर मैदानावर पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या, कुणाची स्टिक कुठे, कुणाचं काय कुठे, आणि मी एकटा खोलीत उभा राहून टाळ्या वाजवत होतो. शेजाऱ्यांनी काय समजायचं ते समजले असतील. प्रजासत्ताक दिन होता, निभावलं.

दुसऱ्या हंगामाची यादी आली. ओडिशा वॉरियर्स नाही. रांची रॉयल्स आहे. गतविजेत्या संघाचं नावच यादीत नाही! मालकीचे, शहरांचे, करारांचे हिशेब असतील, मुली कुठे ना कुठे खेळतीलच, हे सगळं मला समजतं. पण मला सांगा, विजेतेपद राखायला येणार कोण होतं? ज्यांना हरवायला बाकीचे तीन संघ वर्षभर दात ओठ खात बसले असते, तेच अदृश्य. तिकडे पुरुषांमध्ये यूपी रुद्राज बाहेर पडले आणि लीगच्या कारभारी मंडळाला स्वतःच एक संघ उतरवावा लागला. सामने झाले, वेळापत्रक पुरं झालं. पण कारभारी मंडळाच्या संघासाठी कुणी घसा फोडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. लखनौच्या एखाद्या पोराने रुद्राजचा शर्ट घेऊन ठेवला असेल, त्याचं काय? तो आता कुणासाठी ओरडेल? त्याची वही माझ्यासारखीच व्हायला लागली असणार.

मला ठाऊक आहे की चाहत्यांना गृहीत धरू नका हे वाक्य तुम्ही दर पत्रकार परिषदेत स्वतःच म्हणता. म्हणून मी ते म्हणत नाही. मी फक्त गेल्या एका हंगामातली एक गोष्ट सांगतो, भारताच्या संघाची. कारण उरलाय तो एकच संघ, जो बंद पडत नाही.

जून २०२५, प्रो लीग (ही देशांच्या संघांची लीग), युरोपचा दौरा. पुरुष संघ आधी नेदरलँड्सशी दोनदा हरला, मग अर्जेंटिनाशी दोनदा, मग ऑस्ट्रेलियाशी दोनदा, मग बेल्जियमशी. ओळीने सात. त्यातले सहा अवघ्या एका गोलने. १-२, २-३, ३-४, १-२, २-३, २-३. वहीत ते आकडे एकाखाली एक लिहिले तर एखाद्या पोराने पाढा चुकत चुकत म्हटल्यासारखं दिसतं. दहा महिन्यांपूर्वी पॅरिसला स्पेनला २-१ ने हरवून ऑलिंपिकचं ब्राँझ आणणारा हा संघ. त्याआधी ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर जवळजवळ तीन क्वार्टर दहा जणांनी खेळून शूटआउटमध्ये जिंकणारा हा संघ. तोच आता शेवटच्या दहा मिनिटांत गळपटत होता. पाचव्या पराभवानंतर माझ्या ओळखीचे सगळे हॉकीवाले गप्प झाले. सातव्यानंतर एकाने लिहिलं, आता बघणार नाही. दुसऱ्या दिवशी बेल्जियमला आम्ही ४-३ ने हरवलं, आणि तो पठ्ठ्या सामना संपायच्या आधीच ‘दिसला का तो गोल’ म्हणून विचारत होता.

त्याच दौऱ्यात मुलींच्या संघाचं आणखी वाईट झालं. युरोपातले आठच्या आठ सामने गेले, एक शूटआउटमध्ये. नऊ संघांत शेवटचा नंबर, आणि प्रो लीगमधून खाली, नेशन्स कपमध्ये. २०२२ साली व्हॅलेन्सियाला नेशन्स कप जिंकूनच त्या वर आल्या होत्या. म्हणजे जिना पुन्हा पहिल्या पायरीपासून. टोकियोत ऑस्ट्रेलियाला १-० ने घरी पाठवणाऱ्या मुलींवर, पॅरिसची पात्रता रांचीत जपानपुढे एका गोलने हुकली तेव्हाही मी रागावलो नव्हतो. या वेळी रागावलो. चार दिवस वही उघडली नाही.

पण बघा, राग धरता आला. हा माझा मुद्दा आहे. खाली गेल्या त्या मुली आणि वर यायचा प्रयत्न करतील त्याही मुली, निळा शर्ट तोच, आणि दरम्यान मी कितीही चिडलो तरी पान उलटून पुढे लिहायला जागा आहे. सप्टेंबरात राजगीरला पुरुषांनी कोरियाला ४-१ ने हरवून आशिया कप जिंकला, २०२६ च्या वर्ल्ड कपचं तिकीट काढलं, तेव्हा मला जो आनंद झाला त्यात अर्धा वाटा जूनमधल्या त्या सात आकड्यांचा होता. ज्यांनी फक्त फायनल पाहिली त्यांना एक कप दिसला. तेवढ्याच किमतीचा कप दबंग मुंबईने एखाद्या वर्षी जिंकला असता तर मी वेडा झालो असतो, कारण त्यामागे मॅजिशियन्सची दोन तळाची वर्षं होती, स्ट्रायकर्सचे पाच गोल होते. ती सगळी पुंजी तुम्ही दर वेळी नवं नाव आणून शून्यावर आणता. नव्या शर्टाचा रंग आवडायला आम्हाला एक संध्याकाळ पुरते. पण त्या रंगाशी भांडायला तीन-चार हंगाम लागतात, आणि भांडण झाल्याशिवाय माणूस पाऊस-थंडीत मैदानावर येत नाही.

म्हणून मागणं लांबलचक नाही. नवा संघ विकताना मालकाला विचारा की सलग दोन वर्षं तळाला राहिलात तर काय कराल. उत्तर द्यायला तो अडखळला तर संघ देऊ नका, चार संघांचीच लीग करा, आम्ही चारच बघू. मालक बदलला तर बदलू दे, नाव आणि गाव मात्र राहू द्या. नाव लीगच्या मालकीचं ठेवा, करार कागदावर काहीही होवोत. आणि जायचंच असेल तर सांगून जा. एका संघाला मी एकदा त्यांच्या दोन हंगामांचे कॉर्नरचे आकडे हवेत म्हणून मेल पाठवला होता. ‘हा पत्ता अस्तित्वात नाही’ असं उत्तर यंत्राने दिलं. संघ गेला तो गेला, निदान त्याचे स्कोअर कुठेतरी जपून ठेवा, नाहीतर पुढे कुणी विचारलं तर तुम्हाला माझ्यासारख्या माणसाच्या दारात यावं लागेल, आणि माझं अक्षर वाईट आहे.

आणि महाराष्ट्राचा संघ. हे मी शेवटी लिहितोय, कारण आधी लिहिलं असतं तर तुम्ही पत्र ‘प्रादेशिक’ म्हणून बाजूला ठेवलं असतं. खडकीने धनराज दिला, मुंबईने वीरेन रास्किन्हा दिला, युवराज आणि देविंदर हे वाल्मीकी बंधू दिले. फलटणच्या मुली आज देशासाठी खेळतात. पिंपरीच्या नेहरूनगरचं टर्फ आहे, बालेवाडी आहे, चर्चगेटचं महिंद्रा आहे. खेळाडू आहेत, मैदानं आहेत, आणि गेल्या वीस वर्षांत नाही नाही ते पाच संघ सोसलेले प्रेक्षक आहेत. आमच्याकडे संघ टिकला नाही याचं खापर आमच्यावर फोडू नका. टिकायला आधी राहावं लागतं. मुलींचा संघ आधी द्या, माझी हरकत नाही. उलट तोच आधी द्या.

वहीत अजून तीस पानं कोरी आहेत. रकाने आखून ठेवलेत: तारीख, गाव, गोल, कॉर्नर मिळाले, कॉर्नर लागले, आणि कडेला फुलीपुरती जागा. वर संघाचं नाव तेवढं लिहायचं राहिलंय. ते पेन्सिलने लिहू की पेनाने, एवढं आगाऊ कळवावं.

आपला,
महिंद्राच्या पायऱ्यांवरून लोकलला स्कोअर दाखवणारा एक प्रेक्षक